उत्तर: मोत्सार्टच्या २३ व्या कन्चेर्तोची मधली चाल

एकाने विचारलंय की मोत्सार्टच्या ए मेजरमधल्या या आनंदी पियानो कन्चेर्तोत (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, १७८६) मधल्या चालीत, म्हणजे मधल्या संथ भागात, एवढी उदासी कुठून येते, आणि एकाच चालीच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये सूर वेगळा का लागतो.

पहिलं सोपं आहे, पेटी काढा. ए मेजर म्हणजे षड्ज पांढरी सहा. मधली चाल एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी तीन. स्वर जवळजवळ तेच, फक्त बिलावलच्या (सगळे शुद्ध स्वर) धैवताला षड्ज मानायचं. आपली मूर्च्छनाच की! त्यावर या नव्या षड्जाचा शुद्ध निषाद येऊन टोचतो तो वेगळाच.

लय 'अदाजो', म्हणजे संथ, पण ताल सहाचा, झुलता. फार विलंबित केलं की झोका थांबतो, नुसतं रडगाणं उरतं. शेवटाकडे तंतुवाद्यं बोटांनी छेडतात आणि पियानो एकेक सुटा सूर खूप दूरदूर टाकतो. फोंड्याला पागोळ्या गळत असताना ऐकलं, तेव्हा कौलावरचं पाणी कुठलं आणि पियानो कुठला, कळेना.

आता दुसरं: सूर चढा लागतो तो बहुधा कॅसेटवरून उतरवल्यामुळे. फीत सहा टक्के जोरात पळाली की सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंत चढतो. माझा जुना डेक हेच करायचा; मी कित्येक वर्षं ही चाल काळी तीनऐवजी पांढरी पाचात ऐकत होतो, आणि लय छान चपळ आहे म्हणून कौतुकही करायचो!