कौल नको, सल्ला हवा: वेगवेगळ्या विषयांतल्या संशोधकांमधून एकाची निवड कशी करावी?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला एका जुन्या सभासदाच्या घरच्यांनी देणगी दिली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी एका संशोधकाला पुरस्कार द्यायचा. माणूस आपल्या जिल्ह्यातला असावा, निदान इथं शिकलेला असावा, एवढीच अट. विषयाचं बंधन नाही. हेतू फार चांगला, पण या 'बंधन नाही'नंच आमच्या निवड समितीची झोप उडवली आहे. समितीत निवृत्त बँक मॅनेजर (अध्यक्ष), एक डॉक्टर, एक वकील, कॉलेजचे प्राचार्य आणि मी. मी हायस्कूलात विज्ञान शिकवलं, म्हणून शास्त्राचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात.

नावं आली आहेत ती अशी (ओळख पटू नये इतपतच लिहिते):

एक गणिताचे प्राध्यापक. बीजगणितीय भूमिती. उभ्या आयुष्यात सतरा पेपर.
एक नॅनोपदार्थवाले. तीनशेच्या वर पेपर, 'जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत' निवड, बायोडेटा स्पायरल बाइंडिंग करून आला आहे.
एक वनस्पतिशास्त्रज्ञ बाई. सड्यांवर हिंडतात, चार नव्या प्रजाती त्यांच्या नावावर.
एक तरुण मुलगा, सर्नच्या (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) प्रयोगात आहे. पेपर? नऊशे! वय चौतीस.
आणि एक द्राक्षबागायतदार, दहावी नापास, स्वतः निवडीनं एक वाण काढलं आहे. हे नाव कुणी सुचवलं माहीत नाही, पण मला ते यादीत असल्याचा आनंद आहे.

अध्यक्षांनी रातोरात एक्सेलचा तक्ता केला. पेपरला दोन गुण, एच-इंडेक्सची दुप्पट, पीएचडीच्या विद्यार्थ्यामागे पाच. निकाल: पोरगा पहिला, नॅनोवाले दुसरे, बाई आणि गणितवाले तळाशी, शेतकऱ्याला भोपळा. मला हे पटत नाही. पण नुसतं 'पटत नाही' म्हटल्यावर बँकेतला माणूस ऐकत नसतो, त्याला कागद लागतो. जाणकारांनी कागद पुरवावा.

उंटावरचा शहाणा

जाड बायोडेटावाल्याला शाल आणि श्रीफळ द्या, पुरस्कार दुसऱ्याला द्या. दोघंही खूश. पुढचा धागा?

अपूर्णांक

प्रयोगवही बाई, अध्यक्षांना दाखवायला हा घ्या पहिला कागद.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडली. ज्याच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस वेळा संदर्भ मिळाला त्याचा निर्देशांक वीस. त्याच लेखात त्यानं आकडे दिले आहेत: भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन, ११०. जीवशास्त्रात सर्वांत वर सॉलोमन स्नायडर, १९१. आता स्नायडर हे विटनपेक्षा पावणेदोन पट मोठे शास्त्रज्ञ, असं खुद्द हिर्शही म्हणत नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपराखाली संदर्भांची रांग लांब, म्हणून तिथं सगळ्यांचेच आकडे फुगतात. गणित याच्या अगदी उलट टोकाला. आम्ही एक पेपर दोन-तीन वर्षं उराशी धरून बसतो, छापून यायला आणखी वर्ष-दीड वर्ष, आणि तो वाचणारी माणसं जगात पन्नास असली तरी नशीब म्हणायचं. शिवाय आमच्यात लेखकांची नावं वर्णानुक्रमानं लावतात. पहिलं नाव कोणाचं याला काडीचाही अर्थ नाही, तेव्हा त्याचे गुण देऊ नका.

गणितज्ञ नीना गुप्ता यांचंच बघा ना. बीजगणितीय भूमितीतला झारिस्कीचा रद्दीकरणाचा प्रश्न १९४९ पासून पडून होता. धन कॅरॅक्टरिस्टिकच्या (म्हणजे ठराविक प्रकारच्या संख्याव्यवस्थांच्या) बाबतीत त्याचं उत्तर नकारार्थी आहे, हे त्यांनी दाखवलं, तो पेपर २०१४ चा. २०१९ ला भटनागर (विज्ञानातला राष्ट्रीय पुरस्कार) मिळालं. ते मिळालं कारण त्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक होतं की हा प्रश्न किती जणांनी हाताळून सोडून दिला होता. ही गोष्ट संदर्भसंख्येत कुठून दिसणार?

तुमच्या सतरा पेपरवाल्यांबद्दल एवढंच विचारा: कोणता प्रश्न सुटला, तो आधी किती जुना होता, आणि त्यांची पद्धत नंतर कोणी वापरली.

आता ती २ टक्क्यांची यादी. 'स्टॅनफर्ड विद्यापीठाने गौरवले' असे फ्लेक्स गावोगावी लागतात. तिथं कोणी कोणाची निवड करत नाही हो. जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपस या संशोधनलेखांच्या सूचीच्या विदेवरून एक गणन करतात आणि त्याची फाइल प्रसिद्ध करतात. गणन वाईट नाही, १७४ उपशाखा वेगळ्या धरतात, लेखकांच्या क्रमाचाही विचार करतात. पण याद्या दोन असतात, एक अख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची. तुमचे उमेदवार कोणत्या यादीत आहेत ते बघा. बायोडेटात बहुधा लिहिलेलं नसेल. आणि दुसरी एक कंपनी, क्लॅरिव्हेट, दरवर्षी सर्वाधिक संदर्भ मिळवणाऱ्यांची यादी काढते, तिनं २०२३ ला गणिताचा विभागच वगळला. क्षेत्र लहान, संदर्भ मुळातच थोडे, त्यामुळे ठरवून फुगवणं सोपं जातं. आकडे गोळा करणाऱ्यांनाच जिथं आपल्या आकड्यांचा भरवसा वाटेना, तिथं वाचनालयानं का ठेवावा?

कणकण

मी त्या नऊशे पेपरवाल्यांच्या जमातीतला, म्हणून लिहितो. पोराला वेड्यात काढू नका आणि पहिलाही करू नका.

मोठ्या प्रयोगात नियम असा की ठराविक काळ काम केलेल्या प्रत्येकाचं नाव प्रयोगाच्या प्रत्येक पेपरवर जातं. २०१५ साली सर्नमधल्या ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर काढला. ३३ पानं. त्यात विज्ञान नऊ पानांत संपलं, उरलेली चोवीस पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी. ५,१५४ लेखक! ही लबाडी नाही. कोणी कण टिपणाऱ्या यंत्राची वायरिंग केली, कोणी रात्रपाळीला बसलं, कोणी सॉफ्टवेअर लिहिलं, एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. पण यातून एका माणसाचं मोजमाप निघत नाही हेही खरं. नोबेलनंही २०१३ साली हात वर केले, बक्षीस आंग्लेर आणि हिग्ज या दोघा सिद्धांतवाल्यांना दिलं. आणि त्यातले हिग्ज स्वतः म्हणायचे की आजच्या काळात आपल्याला नोकरी टिकवता आली नसती, पुरेसे पेपर नाहीत म्हणून. आता बोला.

पोराला विचारायचं ते हे: नऊशेपैकी किती पेपरांचं विश्लेषण तू स्वतः केलंस? (उत्तर तीन-चार आलं तर उत्तम समजा. चाळीस आलं तर सावध व्हा.) एखाद्या गटाचा समन्वयक होतास का? प्रयोगाच्या वतीनं परिषदेत बोलायला कधी पाठवलं का? आमच्यात खरी पावती तीच असते, बोलायला कोणाला पाठवायचं हे आतली माणसं ठरवतात.

प्रयोगवही

कणकण, असं तोंडावर विचारलं तर उमेदवाराचा अपमान होईल असं आमच्या वकीलसाहेबांना वाटतं.

कणकण

अजिबात होणार नाही. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत हेच विचारतात. त्याचं उत्तर पाठ असेल.

सडाफुली

वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंसाठी धावून आले आहे. त्यांना ओळखत नाही, पण जातकुळी एक.

नव्या प्रजातीचं वर्णन करणाऱ्याचं नाव त्या प्रजातीला कायमचं चिकटतं. कास पठारावर पावसाळ्यात डबक्यांतून वायतुरा फुलतो, त्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. पुस्तकात पूर्ण लिहिलं तर त्यापुढे ती प्रजात वर्णन करणाऱ्या तिघांची नावं येतात. पुढे शंभर वर्षं जो कोणी त्या झाडावर लिहील तो ही नावं लिहील. पण मूळ पेपर मात्र संदर्भसूचीत सहसा कोणी टाकत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी संदर्भ शून्य! वर्गीकरणवाल्यांचा एच-इंडेक्स बघणं म्हणूनच निरर्थक. हे सरकारलाही कधीच कळलं आहे, पर्यावरण मंत्रालयानं १९९९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांच्या नावानं वर्गीकरणशास्त्राचा वेगळा पुरस्कार सुरू केला तो काय उगाच?

तपासायचं काय? चारही प्रजातींचे मूळ नमुने कुठल्या वनस्पतिसंग्रहात जमा आहेत (पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात, मुंबईला झेवियर्समधल्या ब्लॅटर संग्रहात, वगैरे). चारही नावं अजून टिकून आहेत का, की नंतर कोणी 'ही आधीच वर्णन झालेली प्रजात आहे' असं दाखवलं. आणि तिसरं, जे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: इतरांनी आणलेली झाडं त्या ओळखून देतात का. वर्गीकरणवाल्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या पिशवीतली वाळकी पानं ओळखून देण्यात जातं आणि त्याबद्दल पेपराच्या शेवटी आभाराची एक ओळ मिळते. अशा आभाराच्या ओळी मोजा हवं तर.

झाडीपट्टी

द्राक्षवाल्या भाऊंबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडचा.

आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून निवडत गेले, आणि त्यातून जो बारीक तांदूळ निघाला तो एचएमटी. तेव्हा एचएमटी घड्याळांचा रुबाब होता, त्यावरून नाव पडलं. आज तुमच्या घरात हा तांदूळ शिजला नसेल असं होणार नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्ज मासिकानं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. पण २०१८ मध्ये गेले तेव्हा उपचाराच्या पैशांची चणचण होती. कृषी विद्यापीठानं तेच बियाणं शुद्ध करून आपल्या नावानं वाण प्रसारित केलं, त्याचा वाद तर जगजाहीर आहे.

अध्यक्षांच्या तक्त्यात दादाजींनाही भोपळाच आला असता.

द्राक्षाचं म्हणाल तर सोनाका हे वाण सोलापूरजवळच्या नान्नजच्या शेतकऱ्याच्याच बागेतलं. तेव्हा हे काही नवल नाही. तपासणी मात्र कडक करा, दया म्हणून देऊ नका. २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येतं, त्यात ते वेगळं आहे का, एकसारखं येतं का, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं का हे पाहतात. नोंद आहे का विचारा. नसली तर दुसऱ्यांच्या बागांत जाऊन बघा. ज्यानं वाण काढलं त्याच्या बागेत ते चांगलंच दिसणार. शेजारच्या तालुक्यातल्या माणसानं स्वतःच्या पैशानं लावलं असेल तर ती खरी साक्ष.

पेट्रीडिश

सगळे उमेदवारांबद्दल बोलताहेत. मला नावं कशी आली यात रस आहे. पाचच नावं, त्यात एक बाई. वाचनालयाच्या फलकावर 'नावे पाठवा' लावलं असेल, तर ज्याच्या मागे चेले आहेत त्याचंच नाव येणार.

भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जायचा, सात विषय, वयाची अट ४५. पहिली महिला १९६१ मध्ये, असीमा चॅटर्जी. गणितात १९८७ मध्ये परिमला, मग थेट २००४ मध्ये सुजाता रामदोराई. २०२२ च्या यादीत बारा जण, त्यात एकही बाई नाही. पस्तीस ते पंचेचाळीस ही वर्षं आमची घरात कशी जातात ते सांगायला नको. तेव्हा वयाची अट घालणार असाल तर ती पीएचडीनंतरच्या प्रत्यक्ष कामाच्या वर्षांवर घाला.

आणि एकाच पुरस्कारात सगळं कोंबू नका. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये जुनी व्यवस्था मोडून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले. बाकी काही म्हणा, त्यात एक शहाणपण आहे: आयुष्यभराच्या कामाला विज्ञानरत्न, ठळक कामाला विज्ञानश्री, पंचेचाळिशीच्या आतल्यांना विज्ञान युवा (भटनागरांचं नाव याला दिलं), आणि गटासाठी वेगळा. गटाचा पहिला चांद्रयान-३ ला गेला. नारळीकरांना विज्ञानरत्न जाहीर झालं ते मात्र ते गेल्यावर, २०२५ मध्ये. इतका उशीर तुम्ही करू नका म्हणजे मिळवलं. तुमच्याकडे एकच रक्कम आहे, तर विषय आलटून पालटून घ्या. या वर्षी निसर्ग आणि शेती, पुढच्या वर्षी गणित आणि भौतिकी.

उंटावरचा शहाणा

मग नॅनोवाल्यांचा नंबर कधी? त्यांनी बाइंडिंगचा खर्च केला आहे.

पेट्रीडिश

त्यांचंही काम चांगलं असू शकतं हो. तीनशे पेपर हा काही गुन्हा नाही. पाच सर्वोत्तम निवडून द्या म्हणावं, आणि प्रत्येकात स्वतः काय केलं ते चार ओळींत. बाकीचे दोनशे पंच्याण्णव समितीनं उघडायचेच नाहीत.

प्रयोगवही

सर्वांचे आभार. प्रिंट काढून बैठकीला नेले.

विटन आणि स्नायडरचे आकडे बघून अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच म्हणाले, म्हणजे आपण डॉलर, येन आणि रुपये यांची नुसती बेरीज केली. मी संधी साधून त्यांच्याच तक्त्यात देवळालीचे कापरेकर मास्तर भरून दाखवले. ६१७४ ची गंमत मी दरवर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर करून घ्यायचे. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत, उतरता आणि चढता मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. शाळामास्तर, डॉक्टरेट नाही, पीएचडीचा विद्यार्थी एकही नाही. बाहेरच्या जगाला नाव नीट कळलं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या गणितलेखकानं आपल्या सदरात लिहिल्यावर, तेव्हा मास्तर सत्तरीचे. तक्त्यात त्यांना बहुधा शेतकऱ्याच्या शेजारी जागा मिळाली असती. त्यावर डॉक्टरांनीच तक्ता बंद करा म्हटलं.

ठरलं ते असं. विषय आलटून पालटून घेण्याला देणगीदारांची संमती लागेल, ती मागितली आहे. तोवर प्रत्येक नावामागे त्याच विषयातल्या, पण त्याच्यासोबत पेपर न लिहिलेल्या दोघांकडून पत्र मागवायचं. प्रश्न सगळ्यांना तेच: हे काम झालं नसतं तर तुमच्या विषयात काय अडलं असतं? यातलं त्यांचं स्वतःचं किती? बागायतदारांसाठी डॉक्टर आणि मी दुसऱ्यांच्या बागा बघायला जाणार. नव्या नावांसाठी आता आम्हीच कॉलेजांना आणि संशोधन केंद्रांना लिहिणार आहोत, त्याचा मसुदा पेट्रीडिश, तुम्हाला व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवते. प्राचार्यांचा जीव अजून २ टक्क्यांत अडकला आहे, पण यादी कुठल्या वर्षाची ते बघून येतो म्हणालेत.

अध्यक्षांनी जाता जाता एक उपसूचना घातली: पत्र मराठीत असावं आणि एका पानात मावावं, समितीतल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. अपूर्णांक, बीजगणितीय भूमिती एका पानात मराठीतून सांगणारं कोणी ओळखीचं आहे का?

अपूर्णांक

दोघे आहेत, नावं व्यनि केली आहेत. अध्यक्षांना म्हणावं, दीड पान द्या.