मदत हवी आहे: स्टीलच्या फ्रिजवरचे रंगाचे वाळलेले डाग

दिवाळीआधी स्वयंपाकघर रंगवून घेतलं. फ्रिज आणि चिमणी नीट झाकायला सांगितलं होतं, पण रंगाऱ्यांनी वर नुसता वर्तमानपत्राचा कागद टाकला आणि तोही सरकला. आता फ्रिजच्या दारावर मोहरीएवढे पांढरे ठिपके आहेत, चिमणीवर तर एक ओघळच वाळलाय.

भिंतीचा रंग पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट होता. ते ठिपके गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवल्यावर मऊ होतात आणि नखाने निघतात. पण खिडकीचा ऑइल पेंट काही केल्या हलत नाही. तारेची घासणी लावायची नाही, हे माहीत आहे. स्टीलवरच्या बारीक उभ्या रेषांवर आडवे ओरखडे पडले की ते जन्मात जात नाहीत.

टर्पेंटाइन कापसावर घेऊन हळूच पुसलं तर चालेल का? शेगडी बंद ठेवून, खिडक्या उघडूनच करेन. पण चिमणीच्या बटणांवरची छापील अक्षरं पुसली जातील का, हीच धास्ती आहे. फ्रिज आईने स्वतःच्या पैशांनी घेतलेला आहे, त्यामुळे जीव तुटतो. कुणी हे करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.