चैत्रगौरीचं हळदीकुंकू, ६० बायका, गच्ची आणि यंदा कचरा नको: कसं जमवायचं?

चैत्रपालवी (पुणे)
मैत्रिणींनो, या वर्षी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू जरा मोठं आहे, सोसायटीतल्या आणि नात्यातल्या मिळून ६० बायका आणि त्यांच्याबरोबर १५-२० पोरं, संध्याकाळी गच्चीवर. मागच्या वर्षी पन्हं कागदी कपात, डाळ डिस्पोजेबल वाट्यांत, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि ओटीचे हरभरे प्लास्टिकच्या पिशवीत असं सगळं केलं आणि सगळ्या गेल्यावर वर जाऊन बघितलं तर निम्म्या बाटल्या अर्ध्याच प्यायलेल्या, कपांच्या तळाशी केशर-वेलची चिकटलेली त्यावर मुंग्या, आणि काही कप वाऱ्याने उडून खाली पारिजातकाच्या आळ्यात. सकाळी कचरा न्यायला येतात त्या ताई एकेक बाटली ओतून रिकामी करत बसल्या होत्या, ते बघून खरंच पोटात कालवलं. यंदा हे करायचंच नाही असं ठरवलंय. सासूबाई तयार आहेत पण त्यांचं म्हणणं, एवढी भांडी घासणार कोण आणि एप्रिलपासून आपल्याकडे टँकर येतो तर घासायला पाणी कुठलं आणायचं? आणि ओले हरभरे पिशवीशिवाय द्यायचे कशात? सुचवा प्लीज.

डोंबिवलीची सुगरण
सगळंच स्टीलमध्ये करायला जाऊ नकोस गं, तिथेच दमायला होतं आणि पुढच्या वर्षी परत कप येतात. आमच्या मंडळाने ४ वर्षांपूर्वी वर्गणी काढून १०० छोटे पेले घेतले, ज्या घरी कार्यक्रम असेल तिकडे पोतं जातं. पन्हं फक्त त्या पेल्यांत आणि डाळ पळसाच्या द्रोणात. कारण साधं आहे, पन्ह्याला तेल-तूप नसतं त्यामुळे पेला लगेच विसळला तर साबणाचीही फार गरज पडत नाही, पण डाळीवर फोडणी असते, त्या वाट्या घासायलाच वेळ आणि पाणी जातं. नळाखाली अजिबात धुवायचं नाही, तीन टब मांडायचे. पहिल्यात नुसतं विसळणं, दुसऱ्यात थोडा साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यातलं पाणी गढूळ वाटलं की ते पहिल्या टबात. ६० पेले ३ बादल्यांत होतात आमचे. दोघी जणी बसल्या तर अर्ध्या तासात गप्पा मारता मारता आटपतं.

कागदी कपाबद्दल मात्र मनातून काढून टाक की तो कागद आहे म्हणून चालतो. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर पन्हं गळत नाही. तो कप ना खतात जात ना रद्दीत.

वाडीवरची (दापोली)
द्रोण घेताना एक बघून घे ताई. हल्ली बाजारात मशीनवर दाबलेले द्रोण-पत्रावळी मिळतात त्यात दोन पानांच्या मध्ये नाहीतर आतून प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. एक द्रोण कडेने फाडून बघायचा, पान तुटूनही काही ताणलं जात असेल तर तो घ्यायचा नाही. टाचलेले, काडीने शिवलेले मिळाले तर उत्तम.

ओटीसाठी केळीची पानं घे. पान मधल्या दांड्यापासून सोडवून वीतभर तुकडे करायचे आणि गॅसवर लांबून फिरवायचे, रंग गडद होतो आणि पान कापडासारखं मऊ पडतं, मग दुमडताना चिरत नाही. त्यात मूठभर हरभरे, काकडीची फोड, पुडी बांधायची आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्याने गाठ. आमची आई अशीच द्यायची. हिरवी पुडी हातात घेतल्यावर बायकांचे चेहरे काय होतात ते बघशील तू.

रीना०७
एवढं कशाला, वर्तमानपत्राच्या पुड्या करा की, घरात रद्दी पडलेलीच असते.

डोंबिवलीची सुगरण
@रीना०७ नको गं, ओल्या हरभऱ्यांना शाई लागते. छापील कागदात खायचं बांधू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनेसुद्धा सांगितलंय. आणि बहुतेकींच्या पर्समध्ये पिशवी नाहीतर छोटा डबा असतोच, निमंत्रणाच्या मेसेजमध्ये एक ओळ टाकली की आणतात. आमच्याकडे कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही आजवर.

माईआजी (सांगली)
बाळ, पाण्याचं सोपं आहे. दोन माठ आदल्या रात्री भरून ठेव, वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन आत सोड. पण माठाशी एकीने बसायचं आणि ओगराळ्याने वाढायचं, मागेल तेवढंच, आधी अर्धा पेला. बाटली हातात दिली की माणूस दोन घोट घेतो आणि ठेवून देतो, वाढलेलं पाणी कुणी टाकत नाही.

अंदाजही सांगते कारण उरलेलं अन्न टाकणं हाही कचराच. किलोभर हरभऱ्याच्या डाळीत ५० बायका होतात, भिजून दुपटीवर जाते. कैऱ्या ४ किलो घे, उकडून गर आणि गूळ एकत्र करून ठेव, पाणी मात्र बायका येतील तसं घालायचं. म्हणजे कमी आल्या तरी गर फ्रीजमध्ये टिकतो, केलेलं पन्हं दुसऱ्या दिवशी उतरतं. हरभरे दीड किलो पुरेत. आणि गौरीच्या आराशीला थर्माकोल नको, आमच्याकडे कलिंगडाची कमळं आणि मोगरा, बस. ती कमळं रात्री पोरांनीच संपवायची.

आणि साडेपाचच्या आत कुणाला बोलावू नकोस, फरशी तापलेली असते. सहा ते साडेसात ठेवलंस तर दिवेही लावावे लागत नाहीत फारसे.

चैत्रपालवी (पुणे)
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं, तीन टबांचं त्यांना पटलं, म्हणाल्या पहिल्या टबाचं पाणी पारिजातकाला घालू. पेले ४० घरचे निघाले, बाकीचे शेजारच्या दोन घरांतून येतायत. काल एक पान गॅसवर फिरवून बघितलं, पहिलं जळलं, दुसरं बरोब्बर मऊ झालं. मेसेजमध्ये "येताना ओटीसाठी डबा किंवा पिशवी आणा" हे टाकलंय, जिच्याकडे नसेल तिला केळीची पुडी.

माईआजी, वाळा कुठल्या दुकानात विचारू, आयुर्वेदिक की पूजासाहित्याच्या? आणि कोथरूडमध्ये कुणाकडे मोठं ओगराळं असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? आमच्याकडचं स्वयंपाकघरात शोधून शोधून थकले.

माईआजी (सांगली)
पूजासाहित्याच्या दुकानात मिळेल, नाहीतर काष्ठौषधीवाल्याकडे. जुडी हातात घेऊन वास बघ, मातीचा गोड वास आला तरच घे. नंतर धुऊन उन्हात वाळव, अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरेल.