साथ ओसरली, मनात काय उरले?

कोविड-१९ ला जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. शरीराच्या आजाराचा हिशेब या दोन तारखांत बराचसा बसतो, मनाचा बसत नाही. साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे याच संघटनेने नोंदवले आहे. त्या टक्क्यांत न मावणारे, आपल्यावर स्वतःवर गुदरलेले इथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

माझी आई घरीच विलगीकरणात होती आणि रात्री दर दोन तासांनी गजर लावून मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत असे. अंधारात तो लाल उजेड तिच्या नखातून दिसायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत माझाच श्वास अडकायचा. आई पूर्ण बरी झाली. मी मात्र पुढे दीड वर्ष रात्री दोन वाजता दचकून उठत होते आणि तिचा श्वास ऐकू आल्याखेरीज मला परत झोप लागत नसे. ही नुसती काळजी नव्हे, हे मान्य करून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मी फार उशीर केला.

*

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. सगळे एकटेपणाबद्दल बोलतात. मला बंद दार बरे वाटले, हे सांगायला आजही संकोच वाटतो. माणसांची सवयच मोडली. महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर भरलेल्या वर्गाच्या दाराशी तळहातांना घाम फुटायचा आणि मी आल्या पावली परत फिरायचो.

*

बाबांना अतिदक्षता विभागात नेल्यावर ते मला फक्त फोनच्या पडद्यावर दिसले, तेही धड नाही: आधी छत, मग त्यांचा कान, मग प्राणवायूच्या मास्कची कड. चार दिवसांनी एका पिशवीतून त्यांचा चष्मा आणि चार्जर परत आला. अंत्यदर्शन मिळाले नाही. वर्ष उलटले तरी तो चार्जर मी त्यांच्या उशाशी लावून ठेवत होतो. लोक 'आता सावर' म्हणत आणि मी सावरल्याचे दाखवत असे. अशा न सरणाऱ्या शोकाला २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे, असे समुपदेशकांनी सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आले.

*

वरचा अनुभव वाचून लिहीत आहे. मी परिचारिका आहे. तो फोन माझ्या हातात नव्हता, पण असे पुष्कळ फोन मी धरले आहेत. संरक्षक चष्म्यावर वाफ धरलेली असे, त्यामुळे कॅमेरा नेमका कुठे रोखला आहे हेच कळत नसे, आणि हात थरथरू नये म्हणून मी कोपर खाटेच्या कठड्यावर टेकवत असे. घरचे बोलत ते सारे मी ऐकत असे, कारण पुष्कळदा ऐकण्याइतके शुद्धीवर तिथे दुसरे कुणी नसे. ती वाक्ये मी आजवर कुणालाही सांगितलेली नाहीत. तुम्हाला बाबांच्या जागी छत दिसले, त्याबद्दल त्या अनोळखी हाताच्या वतीने मी तुमची क्षमा मागते.