‘यकृतरक्षक’ की ‘विषावर उतारा’?

प्रश्न : कीटकनाशकामुळे उंदरांच्या यकृताला होणारी हानी वनस्पतींच्या अर्काने कमी होते का, हे तपासणाऱ्या प्रयोगांविषयी मी बडोद्यातील मराठी वाचकांसाठी टिपण लिहीत आहे. अशा वनस्पतीला ‘विषावर उतारा’ म्हणावे की ‘यकृतरक्षक’? शिवाय माझ्यासमोरच्या गुजराती मजकुरात ‘जंतुनाशक’ हा शब्द आहे; तो तसाच ठेवावा काय?

उत्तर : ‘उतारा’ कृपया लिहू नये. अंगात भिनलेल्या विषाचा परिणाम जो उलटवतो, तो उतारा. क्लोरपायरिफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकांची विषबाधा झाली की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेतील विकर (एन्झाइम) निकामी होते, लाळ गळते, बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो, आणि तेव्हा रुग्णालयात ॲट्रोपिन व प्रालिडॉक्सिम ही औषधे देतात. भुईआवळी किंवा गुळवेल यांच्या प्रयोगांत विचारलेला प्रश्न निराळा असतो. तेथे अर्क बहुधा विषाच्या आधीपासून किंवा विषाबरोबर, मोजून, कित्येक दिवस दिला जातो. नंतर रक्तातील एएलटी व एएसटी (यकृताच्या पेशींना धक्का बसला की ही विकरे रक्तात उतरतात) आणि ऊतींतील ग्लुटाथायोन (पेशींचे हानीपासून रक्षण करणारे द्रव्य) मोजले जाते. केवळ विष दिलेल्या गटापेक्षा हे आकडे बरे निघाले, तर ‘उंदरांत यकृतरक्षक परिणाम दिसला’ एवढेच म्हणता येते. फवारणी करणारा माणूस ‘उतारा’ हा शब्द वाचून दवाखान्याऐवजी काढ्यावर विसंबला, तर ते त्याच्या जिवावर बेतेल. प्रयोगातला अर्क पुष्कळदा मद्यार्कात काढलेला असतो, म्हणून ‘अर्क’ आणि ‘काढा’ हेही एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

दुसरे उत्तर : वरील मत मला पूर्ण मान्य आहे. ‘जंतुनाशक’ मात्र बदलावाच लागेल. गुजरातीत शेतात फवारायच्या विषाला ‘जंतुनाशक दवा’ म्हणतात, पण मराठी वाचकाला त्या शब्दाने फिनेल आठवते. ‘कीटकनाशक’ लिहावे, तणनाशके आणि बुरशीनाशकेही अभिप्रेत असतील, तर ‘पीडकनाशक’. शेतकरी फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतात, हेही ध्यानात असावे. त्याच टिपणात वनस्पतीलाही ‘औषध’ म्हटले, तर उंदराला नेमके काय पाजले ते वाचकाला कळणार नाही.

प्रश्नकर्ता : आपले आभार. आता ‘कीटकनाशकाबरोबर अर्क दिलेल्या उंदरांत यकृताची हानी कमी आढळते का’ असे वाक्य करतो. ‘हानी’ऐवजी ‘इजा’ चालेल काय?

उत्तर : ‘हानी’च ठेवावे. ‘इजा’ म्हटले की बाहेरचा मार किंवा जखम डोळ्यांसमोर येते, आणि येथे पेशी आतून खराब होत असतात.