फोर्ड एफ-१०० (१९७२): पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकावं का?

अमरावतीकर_टेक्सास
मंडळी नमस्कार. माझ्याकडे १९७२ ची फोर्ड एफ-१०० पिकअप आहे, इंजिन ३०० क्युबिक इंच म्हणजे ४.९ लिटर, सरळ रांगेत सहा सिलिंडर, आणि इग्निशन अजून जुनंच, पॉइंट-कंडेन्सरवालं (म्हणजे यांत्रिक स्विच उघडमीट होऊन ठिणगी पाडणारं). वीकेंडला लाकूड, माती, कधी कुणाचं घरसामान असं वाहून नेतो. कोरड्या हवेत एका सेल्फला चालू होते पण पावसाळी दमट सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि लोड घेऊन चढाला लागलो की मिसिंग मारते (मधेमधे एखादा सिलिंडर पेटत नाही). पार्टच्या दुकानातला म्हणतो की मॅग्नेटिक मॉड्युल (पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), ४५ हजार व्होल्टची कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारी) आणि वर एमएसडी सिक्स-ए बॉक्स (ठिणगी जोरदार करणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स), सगळं एकदमच टाका. पैसे बरेच जातात. खरंच एवढं लागतं का? गाडी मनापासून आवडते त्यामुळे काम नीट करायचंय.

जुनीगाडी
एवढं नाही लागत. कॉइलच्या खोक्यावर ४५ हजार लिहिलेलं असतं पण प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जेवढं लागेल तेवढंच व्होल्टेज चढतं, साध्या इंजिनला साधारण १० ते २० हजारात भागतं, त्यामुळे नुसती मोठी कॉइल टाकून ताकद वाढत नाही. एमएसडी बॉक्स चांगली वस्तू आहे, ३००० आरपीएमच्या खाली एकाऐवजी अनेक ठिणग्या देतो, आयडल सुधारतं. पण तुमचा आजार दमट हवेतला आहे आणि हा बॉक्स त्याचं औषध नाही.
आधी तीन गोष्टी बघा. डवेल मीटर लावा (डवेल म्हणजे पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते), इंजिनचा वेग बदलताना डवेल दोन-तीन डिग्रीपेक्षा जास्त हलला तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, बुश झिजलंय, मग त्यात काहीही टाका, टायमिंग (ठिणगीची वेळ) स्थिर राहणार नाही. दुसरं, पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन करून कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोजा. तिसरं, रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर आणि कॅपवर (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर) स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, हात लांब ठेवा, आणि बघा निळ्या ठिणग्या कुठे दिसतात का.

स्पॅनर_बहाद्दर
मी असतो तर नवीन किट घेतलंच नसतं. फोर्डने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःच ड्युरास्पार्क टू हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं होतं, याच ३०० इंजिनच्या भंगारातल्या एफ-१५० मध्ये ते मिळतं. डिस्ट्रिब्युटर, निळ्या रबराचं मॉड्युल आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) तिन्ही एकाच गाडीतून काढा, मोठी कॅप-रोटर (रोटर म्हणजे कॅपच्या आत फिरणारा तुकडा) नवीन घ्या. मोठ्या कॅपला वायरींची टोकं वेगळी लागतात म्हणजे वायर सेट पण बदलावा लागतो. प्लगची फट ०.०४४ इंचापर्यंत नेता येते आणि पातळ मिश्रण सुद्धा नीट पेटतं. मॉड्युलचं अर्थिंग डिस्ट्रिब्युटरमधून येतं, ते स्वच्छ हवं, नाहीतर गाडी मधेच बंद पडेल आणि कारण सापडणार नाही.

नाशिककर_जीप
आमच्याकडे पिकअप बहुतेक डिझेलच्या, त्यांना प्लगच्या ठिणगीचा प्रश्नच नाही, पण जुन्या पेट्रोल जीपवर हेच काम असतं म्हणून एक सांगतो, मॉड्युल टाकलं तरी जुने पॉइंट-कंडेन्सर सेट करून पिशवीत ठेवा. मॉड्युल जाताना आधी काही सांगत नाही, पॉइंट मात्र रस्त्यात कानशीने घासून पण घरी येता येतं.

अमरावतीकर_टेक्सास
सगळ्यांचे आभार!! मोजलं. डवेल स्थिर आहे, वेग वाढवला तरी जागचा हलत नाही. कॉइलवर ७ व्होल्टच्या आसपास. आणि फवारा मारला तर तिसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या वायरीवरून ठिणग्या थेट ब्लॉकवर उडताना दिसल्या, कॅपमध्ये आत पण केसासारखी काळी रेघ आहे.

जुनीगाडी
सापडलं मग. ती काळी रेघ म्हणजे कार्बनची वाट, दमटपणा आला की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच पळतो, आणि लोडवर व्होल्टेज जास्त लागतं म्हणून चढावर मिसिंग. कॅप, रोटर, वायर सेट आधी बदला, वायर सप्रेशनवाली (आत रेझिस्टन्स असलेली) घ्या, नुसत्या तांब्याच्या तारेची नको, ती पुढे मॉड्युलला त्रास देते. वायरी एकेक करून बदला, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४.
७ व्होल्ट बरोबर आहे, फोर्डने चावीपासून कॉइलपर्यंत रेझिस्टन्स वायर टाकलेली असते, पॉइंट जळू नयेत म्हणून. पुढे परट्रॉनिक्सचं साधं इग्नायटर (पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्युल) टाकायचं झालं तर तिची लाल वायर या रेझिस्टन्सच्या आधी, जिथे चावी ऑन असताना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात तिथे जोडा, कॉइल जुनीच राहू द्या, तिचा पुरवठा पण आहे तसाच. बरेच जण लाल वायर सरळ कॉइलच्या प्लसला मारतात आणि मग थंडीत गाडी चालू होत नाही. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून रेडिओ ऐकू नका, मॉड्युल तापून जळतं, अॅक्सेसरीवर ऐका. बसवल्यावर टायमिंग परत बघायचं, व्हॅक्युम अॅडव्हान्सची (इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगी आधी पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तोंड बंद करून, टायमिंग लाइटने.