अणू दोन वाटांनी पडतो, मग गुरुत्वाकर्षण क्वांटम झालं का?

झिरोमाईल:
रविवारी तर्रीपोह्याच्या ठेल्यावर अर्धा राहिलेला वाद इथे आणतो. स्टॅनफर्डला १० मीटर उंच नळीत रुबिडियमचे अतिथंड अणू कारंज्यासारखे वर फेकतात आणि लेझरच्या झटक्यांनी प्रत्येक अणूची लहर (अणू लहरीसारखाही वागतो) दोन वाटांवर पाठवतात. २०१५ साली या वाटांत ५४ सेंटीमीटर अंतर पडलं. हातभराहून जास्त, आणि अणू एकच! लहरी परत जुळवल्या की गुरुत्वाकर्षणाचा ठसा दिसतो. मग गुरुत्वाकर्षण क्वांटम, म्हणजे अणूसारखंच एकाच वेळी दोन अवस्थांत असू शकणारं, असल्याचं सिद्धच झालं ना?

बर्डीकर:
काऊन भौ, एवढी घाई? अणू दोन वाटांवर होता, पृथ्वी कुठे दोन जागी होती? न्यूट्रॉन वापरून कोलेला, ओव्हरहाउसर आणि वर्नर यांनी लहरीवरचा गुरुत्वाकर्षणाचा हा ठसा १९७५ मध्येच दाखवला. श्रोडिंगरच्या समीकरणात, म्हणजे क्वांटम लहरींच्या नियमात, न्यूटनचं गुरुत्वाकर्षण घातलं की उत्तर बरोबर येतं.

झिरोमाईल:
आणि २०२२ चा प्रयोग? एका वाटेजवळ टंगस्टनचं वजन ठेवलं, तर लहरींतला फरक नुसत्या ओढीच्या हिशेबात बसेना.

बर्डीकर:
टंगस्टन ठेवलं तिथेच होतं ना बाप्पा! खरी कसोटी २०१७ मध्ये सौगातो बोस आणि सहकाऱ्यांनी सुचवली, मार्लेटो-वेड्रल यांनी स्वतंत्रपणे तशीच. दोन कण, दोघेही एकाच वेळी दोन वाटांवर, मध्ये फक्त गुरुत्वाकर्षण. ते एकमेकांत गुंतले, म्हणजे दोघांची मिळून एकच क्वांटम अवस्था झाली, तर बोल. पण कण अणूच्या अब्जावधी पट जड हवेत. गाडी तिथेच अडलीय.

पाचपावलीची ताई:
म्हणून अणू निकामी ठरत नाहीत हो. रुबिडियम ८५ आणि ८७ (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) सारखेच पडतात, हे २०२० मध्ये साधारण लाख कोटीत एक भाग इतक्या बारकाईने तपासलं. 'मायक्रोस्कोप' नावाच्या उपग्रहाने केलेली अशीच तपासणी त्याहूनही हजारेक पट बारीक, पण तिथे धातूचे ठोकळे होते, दोन वाटांवरची लहर नव्हती. आणि कासेविच-चू या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अणूची वाट लेझरने घडवलेल्या ज्या संक्रमणाने (अणूने एका अवस्थेतून दुसरीत जाणं) फोडली, त्याला नाव आपल्या रमण यांचं. नागपूरच्या गांधीसागराजवळच्या विज्ञान केंद्रावर असते तीच पाटी!

झिरोमाईल:
बरं, 'सिद्ध' शब्द मागे घेतो. पण जड वस्तूची दोन-जागी अवस्था गुरुत्वाकर्षणच मोडतं असं भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज म्हणतात. इथे लहर हातभर ताणूनही मोडली नाही, ते?

बर्डीकर:
एका अणूने पेनरोजचं काय बिघडतं? इतक्या हलक्या वस्तूची अवस्था टिकणार हे त्यांच्याही हिशेबात बसतं. वजन वाढव, मग बोलू. तोवर पोह्यांचे पैसे तुझ्याकडे.